यूएपीएखाली अटक, आरोपपत्र नाही: कोठडीचे दिवस कसे मोजायचे आणि अर्ज कधी टाकायचा

बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायदा, म्हणजे यूएपीए, या कायद्याखाली अटक झालेल्या माणसाला आरोपपत्राशिवाय जास्तीत जास्त १८० दिवस कोठडीत ठेवता येतं. आरोपपत्र आलं की कलम ४३ड(५) मुळे जामीन फार अवघड होतो. म्हणून पहिल्या काही महिन्यांत घरच्यांनी आणि वकिलांनी तारखांचा जो हिशोब ठेवलेला असतो, तोच पुढे उपयोगी पडतो. आरोपपत्र मुदतीत आलं नाही तर जामीन हा हक्क आहे, यालाच डिफॉल्ट जामीन म्हणतात. पण तो मागितल्याशिवाय मिळत नाही आणि मागायला उशीर झाला तर संपतो.

आधी कलमं बघा

एफआयआरची प्रत मिळवा. दहशतवादाशी संबंधित एफआयआर पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकण्याचं बंधन नाही, त्यामुळे तिथे शोधत बसू नका. ज्या कोर्टात हजर केलं तिथे नकलेसाठी अर्ज करा. प्रत हातात आली की तीन गोष्टी तपासा.

गुन्हा यूएपीएखाली आहे की भारतीय न्याय संहितेच्या कलम ११३ खाली? दोन्हीत 'दहशतवादी कृत्य' आहे. कोणत्या कायद्याखाली नोंद करायची हे पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाचा अधिकारी ठरवतो. फरक मोठा आहे. फक्त कलम ११३ असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८७ ची नेहमीची मुदत लागते, १८० दिवसांची वाढ मिळत नाही. यूएपीए असेल तर पोलीस कोठडी १५ ऐवजी ३० दिवसांपर्यंत, आरोपपत्राची मुदत ९० दिवस आणि कोर्टाच्या आदेशाने १८० पर्यंत.

तपास कोणाकडे आहे: स्थानिक पोलीस, एटीएस (राज्याचं दहशतवादविरोधी पथक) की एनआयए (राष्ट्रीय तपास यंत्रणा)? तपास मधेच एनआयएकडे गेला तरी दिवस नव्याने मोजायला सुरुवात होत नाही. मात्र दुसऱ्या, खरोखर स्वतंत्र गुन्ह्यात अटक दाखवली तर त्याचे दिवस वेगळे. प्रत्येक गुन्ह्यासाठी वहीत वेगळं पान ठेवा.

तिसरं, हा फौजदारी गुन्हा आहे की राष्ट्रीय सुरक्षा कायदा, १९८० खालचा स्थानबद्धतेचा आदेश? स्थानबद्धतेत आरोपपत्राचा प्रश्नच येत नाही आणि डिफॉल्ट जामीनही नसतो. तिथली मोजणी वेगळी आहे. स्थानबद्धतेचे आधार, म्हणजे कारणं, साधारण ५ दिवसांत कळवावे लागतात, अपवादात्मक परिस्थितीत थोडे उशिरा. जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्तांचा आदेश राज्य सरकारने एरवी १२ दिवसांत मंजूर करावा लागतो. प्रकरण ३ आठवड्यांत सल्लागार मंडळासमोर जातं, मंडळाचा अहवाल ७ आठवड्यांत येतो आणि कमाल मुदत १२ महिने. तिथे पहिलं काम आदेशाविरुद्ध निवेदन देण्याचं. आदेश काढणारा अधिकारी, राज्य आणि केंद्र अशा तिघांनाही ते तुरुंग अधीक्षकांमार्फत पाठवा आणि आवक क्रमांक घ्या. मंडळासमोर वकील हक्काने मिळत नाही, पण वकील नसलेला मित्र मदतीला मागता येतो. जामिनाची शक्यता दिसू लागली की तुरुंगातच असा आदेश हातात पडतो, हेही घडतं. तेव्हा दोन्ही मोजण्या समांतर चालवाव्या लागतात. पुढचं सगळं यूएपीएच्या गुन्ह्याबद्दल.

पहिले २४ तास

अटकेपासून २४ तासांच्या आत, प्रवासाचा वेळ वगळून, दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करावंच लागतं. दिवस पुढे इथून मोजायचे नाहीत, पण अटकेची नेमकी वेळ लिहून ठेवा. पंचनाम्यातली वेळ आणि माणसाला घरातून नेल्याची वेळ यात तफावत असेल तर पहिल्याच रिमांडला ती कोर्टाला सांगा आणि रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत, लिहून घ्या.

अटकेचे आधार लेखी मिळाले का, हे विचारा. प्रबीर पुरकायस्थ विरुद्ध दिल्ली राज्य या निकालात १५ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने यूएपीएच्या अटकेतही लेखी आधार देणं बंधनकारक ठरवलं. छापील अटक फॉर्मवरची 'पुरावा नष्ट करू नये म्हणून', 'साक्षीदारांवर दबाव येऊ नये म्हणून' ही वाक्यं आधार नव्हेत, ती कोणालाही लागू पडतात. या माणसाने नेमकं काय केलं असा आरोप आहे, ते लिहिलेलं असलं पाहिजे. मिहिर राजेश शहा विरुद्ध महाराष्ट्र राज्य (नोव्हेंबर २०२५) या निकालाने आणखी स्पष्ट केलं: आधार अटक झालेल्याला समजणाऱ्या भाषेत लेखी हवेत, आणि अटकेच्या क्षणी देणं शक्य नसेल तर रिमांडसाठी हजर करण्याच्या किमान दोन तास आधी. मराठीच कळणाऱ्या माणसाला इंग्रजी कागदावर सही करायला लावली असेल तर ती हरकत पहिल्याच दिवशी लेखी घ्या. महिन्यांनी घेतली तर 'तेव्हा का बोलला नाहीत' हा प्रश्न येतोच.

वकील नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. चौकशीदरम्यान वकिलाला भेटता येतं, पूर्ण वेळ शेजारी बसवता येत नाही. वैद्यकीय तपासणीच्या कागदांची नक्कलही मागून ठेवा.

मोजणी

चूक इथेच होते. दिवस अटकेपासून नव्हे, दंडाधिकाऱ्यांनी पहिली कोठडी दिली त्या तारखेपासून मोजायचे. आणि तो पहिला दिवस धरायचा. ईडी विरुद्ध कपिल वाधवान या प्रकरणात २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा जुना वाद मिटवला.

उदाहरण घ्या. पहिली कोठडी १ जानेवारीला, लीप वर्ष नाही. जानेवारीचे ३१, फेब्रुवारीचे २८, मार्चचे ३१, एकूण ९०. म्हणजे ३१ मार्च हा ९०वा दिवस आणि १ एप्रिलला हक्क तयार. मुदत पूर्ण १८० पर्यंत वाढली असेल तर २९ जून हा १८०वा दिवस, ३० जूनला हक्क तयार. 'तीन महिने' असं तोंडी धरू नका, महिन्यांची लांबी दिवस बदलते. दोघांनी स्वतंत्रपणे मोजा आणि ताळा करा.

पोलीस कोठडी आणि न्यायालयीन कोठडी, वकिलांच्या भाषेत पीसीआर आणि एमसीआर, दोन्ही यात धरायच्या. न्यायालयीन कोठडीतून माणसाला पुन्हा पोलीस कोठडीत न्यायचं असेल तर तपास अधिकाऱ्याने कारणं देणारं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं आणि उशीर का झाला तेही सांगावं लागतं. ते मागून घ्या आणि वाचा.

८० ते ९० दिवस: मुदतवाढीचा अर्ज

या दहा दिवसांत वकिलाने दर दोन दिवसांनी कोर्टाच्या कार्यालयात चौकशी करावी. मुदतवाढ आपोआप होत नाही. त्यासाठी सरकारी वकिलाचा अहवाल लागतो आणि त्यात दोन गोष्टी लागतात: तपास कुठपर्यंत आला, आणि या आरोपीला ९० दिवसांपलीकडे कोठडीत ठेवण्याची विशिष्ट कारणं. 'तपास चालू आहे, न्यायवैद्यक अहवाल यायचा आहे' एवढ्याने दुसरी अट पूर्ण होत नाही. अहवाल यायचा आहे हे तपासाचं कारण झालं, माणूस आत ठेवण्याचं नव्हे. युक्तिवादात हा फरक धरून ठेवा. हितेंद्र विष्णू ठाकूर विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१९९४) या टाडाच्या (जुन्या दहशतवादविरोधी कायद्याच्या) निकालापासून कायदा असा आहे की सरकारी वकिलाने स्वतः विचार करून अहवाल द्यायचा, तपास अधिकाऱ्याचं पत्र नुसतं पुढे सरकवायचं नाही.

पण केवळ कागदाच्या रूपावर सगळी भिस्त ठेवू नका. सुरेंद्र गडलिंग प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने याच मुद्द्यावर मुदतवाढ रद्द केली होती. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१९ मध्ये तो निकाल फिरवला आणि सरकारी वकिलाची सही असलेला कागद अहवाल म्हणून मान्य केला.

आणखी दोन तपासण्या जास्त मजबूत आहेत. पहिली: आदेश देणारं कोर्ट कोणतं? बिक्रमजित सिंग विरुद्ध पंजाब राज्य (२०२०) या निकालानुसार यूएपीएत मुदतवाढीचा अधिकार विशेष न्यायालयाचा, ते नसेल तर सत्र न्यायालयाचा. दंडाधिकाऱ्याचा नाही. दुसरी: आरोपी हजर होता का? जिगर आदतिया विरुद्ध गुजरात राज्य (२०२२) या निकालात, मुदतवाढीवर विचार होताना आरोपीला प्रत्यक्ष किंवा व्हिडिओवर हजर न ठेवणं ही गंभीर बेकायदेशीरता ठरवली गेली. त्या दिवसाचा रोजनामा आणि तुरुंगातली नोंद, दोन्हींच्या नकला काढा.

मुदतवाढ झाली तर त्या आदेशाला लगेच आव्हान द्या. आव्हान न देता थांबलेल्यांचं हे मौन पुढे त्यांच्याच विरोधात गेल्याचे निकाल आहेत. आदेशात किती दिवस दिलेत तेही वाचा. प्रत्येक वेळी पूर्ण ९० मिळतातच असं नाही, ३० किंवा ४५ दिले असतील तर वहीतली तारीख बदला.

९१व्या दिवसाची सकाळ

अर्ज आदल्या दिवशीच तयार ठेवा. दीड पान पुरतं: पहिल्या कोठडीची तारीख, दिवसांचा तक्ता, आरोपपत्र आलेलं नाही, मुदतवाढ नाही किंवा ती बेकायदेशीर आहे, आणि 'मी जामीन द्यायला तयार आहे' हे वाक्य. ते वाक्य विसरू नका, कारण कायद्याच्या शब्दांत हक्क जामीन देण्याच्या तयारीला बांधलेला आहे. गुणदोषांवर, पुराव्यावर एक ओळही लिहू नका. लिहिलं की अर्ज नेहमीच्या जामिनासारखा वाचला जातो आणि ४३ड(५) मधे आणलं जातं.

कोर्ट उघडताच अर्ज दाखल करा आणि शिक्क्यावर तारखेबरोबर वेळ लिहून घ्या. ई-फायलिंगही करा. सुट्टी आली तर सुट्टीच्या न्यायाधीशांसमोर जा. दुसऱ्या बाजूने आरोपीच्या सहीचा अर्ज तुरुंग अधीक्षकांमार्फतही पाठवा. तेवढंही जमलं नाही तर वकिलाने तोंडी मागावं. राकेश कुमार पॉल (२०१७) या निकालानुसार तोंडी मागणीही चालते, फक्त ती रोजनाम्यात आली पाहिजे.

अर्ज एकदा दाखल झाला की नंतर आलेलं आरोपपत्र किंवा मुदतवाढीचा अर्ज तो हक्क मारू शकत नाही, हे एम. रवींद्रन (२०२०) या निकालात स्पष्ट आहे. आधी आरोपपत्र आणि मग अर्ज, असं झालं तर हक्क गेला. किती गेला ते भीमा कोरेगाव प्रकरणात दिसलं. पुण्यात विशेष न्यायालय असताना ज्या सत्र न्यायाधीशांनी मुदत वाढवली त्यांना तो अधिकारच नव्हता, असं मुंबई उच्च न्यायालयाने १ डिसेंबर २०२१ रोजी म्हटलं. सुधा भारद्वाज यांनी वेळेत अर्ज केला होता, त्यांना जामीन मिळाला. त्याच प्रकरणातल्या आठ जणांना मिळाला नाही, कारण त्यांचे अर्ज आरोपपत्राआधी आलेले नव्हते.

जामीनदार आधीच उभे करा

जामीन मंजूर होऊनही माणूस आतच राहतो, ते इथे. कोर्टाने दिलेल्या वेळेत जामीन भरला नाही आणि मधे आरोपपत्र आलं तर मिळालेला हक्क हातातून जातो. म्हणून ८०व्या दिवसापासूनच दोन जामीनदार ठरवा, एक जास्तीचा ठेवा. त्यांचं आधार कार्ड, पत्त्याचा पुरावा, नोकरी असेल तर पगारपत्रक, जमीन असेल तर ताजा सातबारा आणि तहसीलदारांचं ऐपत प्रमाणपत्र. या प्रमाणपत्राला वेळ लागतो, ते शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. दहशतवादाच्या खटल्यात जामीनदार व्हायला नातेवाईकही कचरतात, त्यांच्याशी आधी शांतपणे बोला. जामीनदारावर आरोप येत नाही, आरोपी तारखेला हजर राहील एवढीच हमी असते.

जे मुद्दे चालत नाहीत

सरकारची खटल्याला मंजुरी आली नाही म्हणून आरोपपत्र अपुरं, हा मुद्दा जजबीर सिंग विरुद्ध एनआयए (२०२३) नंतर डिफॉल्ट जामिनासाठी संपला. आरोपपत्र विशेष न्यायालयाऐवजी दंडाधिकाऱ्यांकडे आलं, यानेही तिथे हक्क मिळाला नाही. कोर्टाने दिलेल्या कोठडीविरुद्ध हेबियस कॉर्पस (बेकायदा कोठडीतून सोडवण्यासाठीची याचिका) सहसा टिकत नाही. अधिकारच नसलेल्या कोर्टाने किंवा डोळे मिटून दिलेली कोठडी असेल तरच तो मार्ग घ्या. यूएपीएत अटकपूर्व जामिनाची तरतूद लागू नाही. आणि डिफॉल्ट जामीन म्हणजे सुटका नव्हे. आरोपपत्र आल्यावर ठोस कारण दाखवून तो रद्द करता येतो, म्हणून अटी काटेकोर पाळा, हजेरीच्या नोंदीची नक्कल दर वेळी ठेवा.

अर्ज फेटाळला तर

एनआयए कायद्याच्या कलम २१ खाली उच्च न्यायालयात दोन न्यायमूर्तींच्या पीठासमोर अपील करा. मुदत ३० दिवस. उशीर झाल्यास पुरेसं कारण दाखवावं लागतं आणि कायद्याच्या शब्दांत ९० दिवसांनंतर दारच बंद. आदेशाची प्रमाणित नक्कल त्याच दिवशी मागा. अपिलासोबत शिक्का असलेला अर्ज, रोजनामा, मुदतवाढीचा आदेश आणि दिवसांचा तक्ता जोडा.

आरोपपत्र मुदतीत आलंच असेल तर नेहमीचा जामीन मागावा लागेल. तिथे वटाली निकाल (२०१९) सरकारच्या बाजूने वापरला जातो. त्यासमोर व्हर्नन गोन्साल्विस (२०२३) ठेवा, ज्यात पुराव्याचं वजन वरवर तरी तपासलं पाहिजे असं म्हटलं आहे. खटला वर्षानुवर्षं रेंगाळला असेल तर के. ए. नजीब (२०२१). नजीबचा आधार घ्यायचा असेल तर आजपासूनच प्रत्येक तारखेला काय झालं, कोणी तारीख मागितली आणि किती साक्षीदार तपासले ते रोजनाम्यावरून उतरवून ठेवा. तारखा बचाव पक्षानेच वाढवल्या असं निघालं तर तो मुद्दा उलटतो.