जुन्या लॅपटॉपवर ‘सिव्हिलायझेशन ६’ : ग्राफिक्स नंतर, आधी ताप उतरवा

‘सिव्हिलायझेशन ६’ हा पाळीपाळीनं चाली करत राष्ट्र उभारायचा गेम. तो जुन्या लॅपटॉपवर चालवायचा तर हार्ड डिस्कच्या जागी वेगवान एसएसडी बसवा, रॅम आठ जीबी करा, ब्राउझर बंद ठेवा. रॅमला दोन जागा असतील तर आठची एक पट्टी लावण्यापेक्षा चार-चारच्या दोन लावा. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपमध्ये ग्राफिक्सही याच रॅमवर चालतं आणि दोन पट्ट्यांवर ते जास्त वेगानं चालतं. ‘गेम बूस्टर’ नावाचं काहीही डाउनलोड करू नका.

खरी अडचण पुढेच आहे. माझा लॅपटॉप २०१५चा, आय५-५२००यू प्रोसेसरचा. गेम पहिली वीस मिनिटं छान चालायचा आणि मग अडखळायला लागायचा. सावल्या, पाणी, रेझोल्यूशन असं एकेक कमी करण्यात मी महिना घालवला, कारण जो तो ‘ग्राफिक्स कमी कर’ एवढंच सांगायचा. अहो, ग्राफिक्स झेपत नसतं तर पहिल्या मिनिटालाच कळलं असतं! वीस मिनिटांनी बिघडतंय म्हणजे मशीन तापतंय. प्रोसेसर फार तापला की जळू नये म्हणून स्वतःच वेग उतरवतो. एचडब्ल्यूइन्फो हे तापमान आणि वेग दाखवणारं सॉफ्टवेअर चालू ठेवून खेळलो तेव्हा तापमान शंभरीला टेकलेलं दिसलं, आणि २.७ गिगाहर्ट्झपर्यंत जाणारा प्रोसेसर १.२ वर रांगत होता.

म्हणून आधी लॅपटॉप उघडा. बॅटरीची वायर सोडवा, मगच आत हात घाला. बाहेरून फुंकर मारून भागत नाही: पंखा आणि तांब्याच्या नळीची जाळी यांच्या मध्ये धुळीचा घट्ट थर बसतो, तो पंखा काढल्याशिवाय दिसतच नाही. ब्लोअर मारताना पाती बोटानं धरून ठेवा, नाहीतर पंखा भलत्या वेगानं फिरून त्याचं बेअरिंग जातं. प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट (त्याची उष्णता हीटसिंककडे, म्हणजे वर बसलेल्या तांब्याच्या नळीच्या भागाकडे, नेणारा लेप) आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा आणि नवी मुगाच्या दाण्याएवढीच लावा. हीटसिंकचे स्क्रू त्यावरच्या आकड्यांच्या क्रमानं, थोडे थोडे करत आवळा. एकच बाजू आधी आवळली तर पेस्ट नीट पसरत नाही. हे जमणार नाही असं वाटलं तर दुरुस्तीवाल्याकडे द्या, पण पेस्ट बदलायला स्पष्ट सांगा. जाळी तुंबलेली असताना कूलिंग पॅड विकत घेणं म्हणजे पैसे वाया.

तरीही तापत असेल तर कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये, अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये ‘मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट’ १०० ऐवजी ९९ करा. त्यानं टर्बो (प्रोसेसरचा तात्पुरता वाढीव वेग) बंद होतो. वरचा वेग थोडा जातो, पण उरलेला शेवटपर्यंत टिकतो. मला सतत मिळणारे २.२ गिगाहर्ट्झ हवेत, पाच मिनिटांचे २.७ नकोत.

गेममध्ये क्विक कॉम्बॅट आणि क्विक मूव्हमेंट चालू करा, म्हणजे लढाया आणि हालचालींची अ‍ॅनिमेशन्स गाळली जातात. कोपऱ्यातल्या छोट्या नकाशाजवळच्या (मिनीमॅप) बटणानं स्ट्रॅटेजिक व्ह्यू, म्हणजे साधा सपाट नकाशा, लावा.

नकाशा मात्र विचार करून निवडा. शेवटी शेवटी टर्न (एक पाळी) संपायला वेळ लागतो तो कॉम्प्युटर खेळत असलेल्या बाकीच्या राष्ट्रांच्या चाली ठरवण्यात. ग्राफिक्स कितीही उतरवलं तरी तो घटत नाही. स्टँडर्ड नकाशावर आठ राष्ट्रं असतात, टायनीवर चार. मी टायनीच घेतो आणि नगरराज्यं (एकेका शहराची छोटी राज्यं) सहावरून तीनवर आणतो. हे खेळ सुरू करण्याआधीच करावं लागतं, दोनशे टर्ननंतर नकाशा लहान करता येत नाही.