दोन ड्राइव्हवर दोन ओएस आहेत आणि बूट होत नाहीये? आधी बूटलोडर कुठे बसलाय ते शोधा

विंडोज एका एसएसडीवर, लिनक्स दुसऱ्यावर, म्हणजे दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही असंच बहुतेकांना वाटतं, आणि मग एक दिवस त्यातला एक ड्राइव्ह काढला किंवा फॉरमॅट मारला की दुसऱ्यावरची ओएस पण उठत नाही. ओएस ज्या ड्राइव्हवर आहे त्याच ड्राइव्हवर तिचा बूटलोडर (ओएस चालू करून देणारा छोटा प्रोग्राम) असेल असं काही नसतं. यूईएफआय मशीनमध्ये (यूईएफआय म्हणजे जुन्या बायोसच्या जागी आलेलं मदरबोर्डवरचं फर्मवेअर) बूटलोडर राहतो ईएफआय सिस्टम पार्टिशनमध्ये (पुढे नुसतं ईएसपी म्हणतो), फॅट३२ मधलं छोटंसं पार्टिशन असतं ते. विंडोजच्या इन्स्टॉलरला आधीची एखादी ईएसपी दिसली की तो बऱ्याचदा तीच वापरतो, मग ती दुसऱ्या ड्राइव्हवर का असेना. उबंटूच्या जुन्या इन्स्टॉलरचं तर वेगळंच, बूटलोडरसाठी दुसरा ड्राइव्ह निवडून दिला तरी तो ग्रब (लिनक्सचा बूटलोडर) पहिल्या ईएसपीतच टाकायचा.

म्हणून रिपेअरच्या कमांड मारत सुटू नका. आधी काय कुठे आहे ते बघा.

मशीन चालू करताना बूट मेनूची की दाबा, एफ१२, एफ११, एफ८, एफ९ किंवा एस्केप, कंपनीप्रमाणे बदलते. तिथे दोन्ही ओएसच्या नावाने एंट्री दिसत असतील आणि त्यातून दोन्ही चालू होत असतील तर बिघडलेलं काहीच नाही, फक्त बूट ऑर्डर बदललीये, सेटअपमध्ये जाऊन हवी ती वर आणा आणि झालं. विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर किंवा बायोस अपडेटनंतर हे होतं. लोक इथे पण अख्खं लिनक्स परत टाकायला बसतात, त्याची काही गरज नसते.

एंट्रीच गायब असेल तर जी ओएस चालू होतेय त्यातून बघा, एकही होत नसेल तर लाइव्ह यूएसबी (पेनड्राइव्हवरून थेट चालणारं लिनक्स). विंडोजमध्ये डिस्क मॅनेजमेंट उघडायचं आणि कुठल्या डिस्कवर ईएफआय सिस्टम पार्टिशन लिहिलंय ते बघायचं. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये एलएसबीएलके ही कमांड मारली की पार्टिशन दिसतात, आणि एफिबूटएमजीआर (बूट एंट्री दाखवणारी कमांड) ला व्ही लावून चालवलं की प्रत्येक बूट एंट्री कुठल्या पार्टिशनकडे बोट दाखवतेय ते त्याच्या पार्टयूयूआयडीसकट (पार्टिशनचा स्वतःचा आयडी) दिसतं. हा पार्टयूयूआयडी ड्राइव्हवरच्या पार्टिशनशी जुळवून बघा, एसडीए एसडीबी या नावांवर जाऊ नका, ती रीबूटनंतर बदलू शकतात.

आता समजा विंडोजच्या ड्राइव्हवर ईएसपीच नाहीये, हीच केस सगळ्यात जास्त दिसते. बिटलॉकर (विंडोजचं ड्राइव्ह एन्क्रिप्शन) चालू असेल तर आधी ४८ आकडी रिकव्हरी की हाताशी ठेवा आणि बिटलॉकर सस्पेंड करा, कारण बूट सेटिंग हलली की तो की मागतो आणि तेव्हा ती शोधत बसायची वेळ येऊ नये. मग विंडोजच्या इन्स्टॉल यूएसबीवरून कमांड प्रॉम्प्ट (शिफ्ट आणि एफ१०) आणि त्यात डिस्कपार्ट (पार्टिशन करायची कमांड). विंडोजचा व्हॉल्यूम सिलेक्ट करून ३०० एमबी श्रिंक करा, मोकळ्या जागेत २६० एमबीचं ईएफआय पार्टिशन क्रिएट करा, फॅट३२ ने क्विक फॉरमॅट, आणि त्याला एस हे लेटर असाइन करा. यासाठी डिस्क जीपीटी (पार्टिशन टेबलची नवी पद्धत) असायला हवी. मग डिस्कपार्टमधून बाहेर येऊन बीसीडीबूट (विंडोजच्या बूट फाइल ईएसपीत टाकणारी कमांड) चालवायचं, त्याला तीन गोष्टी सांगायच्या: विंडोज फोल्डरचा पाथ, स्लॅश एस च्या पुढे एस ड्राइव्ह, आणि स्लॅश एफ च्या पुढे यूईएफआय. एक गोष्ट नक्की बघा, यूएसबीवरून आल्यावर विंडोजचं लेटर सी असेलच असं नाही, डी किंवा ई पण निघतं, तेव्हा आधी डीआयआर मारून विंडोज फोल्डर कुठे दिसतंय ते बघा, नाहीतर फाइल कॉपी होत नाहीत अशी एरर येते आणि माणूस उगाच पार्टिशनला दोष देत बसतो. हे झाल्यावर विंडोज बूट ऑर्डरमध्ये सगळ्यात वर जाऊन बसतं, लिनक्स गेलं असं समजू नका.

उलट केस, म्हणजे ग्रब विंडोजच्या ड्राइव्हवर. लाइव्ह यूएसबी यूईएफआय मोडमध्येच बूट करा, लेगसीत (जुन्या बायोस पद्धतीने) केली तर पुढचं काही नीट होणार नाही. जीपार्टेडमधून लिनक्सच्या ड्राइव्हवर ५१२ एमबीचं फॅट३२ पार्टिशन करा आणि त्याला ईएसपी फ्लॅग लावा. रूट पार्टिशन एमएनटीवर माउंट, नवीन ईएसपी त्याच्या आतल्या बूट-ईएफआय फोल्डरवर माउंट, डेव्ह, प्रॉक आणि सिस बाइंड करा, सिसच्या आतलं एफिव्हार्स पण आत दिसायला हवं, नाहीतर फर्मवेअरमध्ये एंट्री लिहिलीच जात नाही. मग सीएचरूट करून (म्हणजे ड्राइव्हवरच्या लिनक्समध्ये शिरून) ग्रब-इन्स्टॉल आणि त्यानंतर अपडेट-ग्रब. एफएसटॅबमध्ये (बूट होताना काय माउंट करायचं त्याची यादी) ईएसपीचा जुना यूयूआयडी काढून नवीन टाकायचा, हे राहिलं की आज सगळं छान चालतं आणि जुना ड्राइव्ह काढल्या दिवशी लिनक्स इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन थांबतं.

ग्रबच्या मेनूत बाकी सगळं आहे पण विंडोज दिसत नसेल तर ते वेगळं आहे. ग्रब २.०६ पासून, म्हणजे २०२१ पासून, ओएस-प्रोबर (दुसऱ्या ओएस शोधणारा प्रोग्राम) डीफॉल्टने बंद असतो. इटीसी-डीफॉल्टमधल्या ग्रब फाइलमध्ये ग्रब डिसेबल ओएस प्रोबर ही ओळ फॉल्स करा, अपडेट-ग्रब मारा. खरं सांगायचं तर ड्राइव्ह वेगळे असताना मी विंडोज ग्रबमधून चालू करूच नका म्हणेन, फर्मवेअरच्या बूट मेनूतूनच निवडा, एकाचं बिघडलं तरी दुसऱ्याला धक्का लागत नाही.

शिम (सिक्युअर बूट चालू असताना ग्रबच्या आधी चालणारा लोडर) एसबॅटची (जुन्या, असुरक्षित बूटलोडरना अडवणारी तपासणी) एरर देऊन मशीन बंद होत असेल तर ते ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटनंतर बऱ्याच जणांना झालं होतं, सिक्युअर बूट (फक्त सही केलेला बूटलोडर चालू देणारी सोय) तात्पुरतं बंद करून लिनक्समध्ये जा, डिस्ट्रो पूर्ण अपडेट करा म्हणजे नवीन शिम येतो, मग परत चालू करा. आणि विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंदच ठेवा, ते शटडाउनच्या नावाखाली अर्धवट हायबरनेट करतं आणि लिनक्समधून विंडोजचं पार्टिशन नीट माउंट होत नाही.

सगळं झालं की टेस्ट करा. एक ड्राइव्ह काढून ठेवा, किंवा एमडॉटटू (थेट मदरबोर्डवर बसणारा ड्राइव्ह) असेल आणि फर्मवेअरमध्ये तो स्लॉट बंद करायची सोय असेल तर तसं करा, आणि दुसरा एकटा बूट होतोय का बघा, मग उलटं करून बघा. दोन्ही पास झाले तरच जुन्या ईएसपीतलं उरलेलं फोल्डर आणि एफिबूटएमजीआरमधली मेलेली एंट्री काढा, त्याआधी त्यांना हात लावू नका.