कुंड्यांखालचे डाग: माझा अनुभव

कुंड्या हलवल्या की फरशीवर गोल डाग. नीट पाहिलं तर ते एका जातीचे नव्हतेच, मग एकाच उपायाने कसे निघणार?

बाहेरची पांढरी कड क्षारांची. पाणी वाळतं, क्षार मागे राहतात. तिथे व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून ओतलं. बारीक फेस आला आणि ब्रश मारताच कड सुटली. संगमरवर असेल तर हे अजिबात करू नका, आम्लाने त्याची चमकच जाते.

आतला तपकिरी डाग जास्त चिवट. तो कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि कुजक्या पानांच्या रंगाचा, त्यावर व्हिनेगरचं काही चालत नाही. ऑक्सिजन ब्लीचची (क्लोरीन नसलेल्या ब्लीचची) पूड कोमट पाण्यात कालवून लेप दिला, वाळू नये म्हणून वर प्लास्टिक झाकलं. डाग फिका पडत गेला. साधं क्लोरीनचं ब्लीच वापरणार असाल तर व्हिनेगरच्या आसपासही नेऊ नका, विषारी वायू होतो.

आता कुंड्या रबरी पायांवर आहेत, खालून वारा खेळतो. ताटल्याही बदलल्या: मातीची ताटली पाझरते, चकचकीत लेपाची नाही. साचलेलं पाणी तेवढं ओतून टाकावं लागतं.