तळावलीचं सांतानाचं चर्च नीट कसं पाहावं

गोव्यात तळावली नावाची दोन गावं आहेत. एक फोंडा तालुक्यात, दुसरं तिसवाडीत, गोवा वेल्हा आणि पिलारच्या बाजूला. आपल्याला हवं ते दुसरं. रिक्षावाल्याला नुसतं 'तळावली' सांगू नका, 'सांताना' म्हणा. गावाला लोक चर्चच्या नावानेच ओळखतात. पणजीहून मडगावकडे जाणारी कदंबची (गोव्याच्या सरकारी बससेवेची) शटल वाटेत थांबत नाही, त्यामुळे गोवा वेल्ह्याला थांबणारी साधी लोकल बस घ्यावी. पुढचा टप्पा रिक्षाने किंवा पायी.

हे गावातलं चर्च आहे, संग्रहालय नव्हे. मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामुदायिक उपासना, नसेल तेव्हा दार बंद असण्याचीच शक्यता जास्त. सकाळची मिस्सा संपता संपता पोचलात तर दार उघडं मिळतं आणि विचारायला माणूसही भेटतो. मिस्सा चालू असताना आत हिंडू नये. मागच्या बाकावर बसून राहिलात तर कुणी हटकत नाही. सोबत लहान दुर्बीण, छोटी विजेरी आणि फोनमधलं होकायंत्र असावं. निवांत पाहायला दोन-अडीच तास लागतात. त्यातला पहिला अर्धा तास बाहेरच घालवा, कारण आत काय दिसणार याची निम्मी चावी बाहेर आहे.

आधी नाव. सांताना म्हणजे संत अॅन, मारियाची आई, येशूची आजी. बायबलमध्ये तिचा उल्लेख नाही. तिची कथा येते ती दुसऱ्या शतकातल्या, बायबलबाहेर राहिलेल्या याकोबाच्या शुभवर्तमानात: अॅन आणि योआकिम हे म्हातारपणापर्यंत निपुत्रिक राहिलेलं जोडपं, आणि मग त्यांना झालेली मुलगी मारिया. एवढं लक्षात ठेवलं की इथे मूल मागायला लोक का येतात हे वेगळं सांगावं लागत नाही. मूर्तींत अॅन ओळखायची खूण सोपी आहे: वयस्क बाई, डोक्यावर पदर, जवळ लहान मुलगी आणि बहुतेक वेळा हातात पुस्तक. ती मुलीला वाचायला शिकवते आहे. कडेवर मुलगा असलेली तरुण स्त्री दिसली तर ती मारिया. नवखे लोक इथेच चुकतात.

आजची इमारत फ्रान्सिस्कु द रेगु या पाद्रींनी १६८०च्या दशकात सुरू केली आणि त्यांच्यानंतर आलेल्या आंतोनियु फ्रान्सिस्कु द कुन्या यांनी १६९५मध्ये पुरी केली. तोवर पोर्तुगीजांच्या राजधानीची, जुन्या गोव्याची, भरभराट ओसरू लागली होती, आणि शहराबाहेर, शेतामळ्यांच्या कडेला इतकं मोठं चर्च उभं राहत होतं.

आता समोरच्या पटांगणात मागे मागे जा, पूर्ण दर्शनी भाग एका नजरेत मावेल इतके. मजले मोजा. पाच भरतील. दोन्ही बाजूंना चौकोनी मनोरे, मजल्यामजल्याला आडव्या पट्ट्या, उभे अर्धखांब, खिडक्या. पण हे पाच मजले आत नाहीत. आत मुख्य दालन एकच, सलग उंच. दर्शनी भाग हा वास्तूपुढे उभा केलेला पडदा आहे, आणि बरोकची, म्हणजे सतराव्या शतकातल्या भपकेदार युरोपीय शैलीची, गंमत या पडद्यात आहे. युरोपातले बरोक वास्तुकार भिंत लाटेसारखी आतबाहेर वळवतात. गोव्यातल्या गवंड्यांनी भिंत सपाट ठेवली आणि जोर दिला तो उंचीवर व पट्ट्यांच्या तालावर. यामागे साहित्याचाही हात आहे. जांभा दगड खाणीतून काढताना मऊ असतो, कुऱ्हाडीसारख्या हत्याराने तासता येतो, हवेवर घट्ट होतो. पण तो भोकाभोकांचा असल्यामुळे त्यात बारीक कोरीव काम टिकत नाही. म्हणून बारीक नक्षी चुन्याच्या गिलाव्यात करायची आणि दगडात फक्त मोठे आकार घ्यायचे.

जुन्या गोव्यातला संत ऑगस्टीनचा अर्धा मनोरा पाहिला असेल तर तो इथे आठवा. त्या चर्चचा दर्शनी भागही पाच मजली होता. १८४२मध्ये तिथलं छत कोसळलं, १९३१मध्ये दर्शनी भाग, आणि आता ४६ मीटरांचा एक मनोराच तेवढा शिल्लक आहे. तिथे काय होतं हे समजून घ्यायला सांतानाइतकी चांगली जागा नाही. खरं तर आधी ऑगस्टीन आणि मग सांताना असा क्रम ठेवावा.

भिंतीच्या जवळ या. गिलावा कुठे फुगला आहे, कुठे पोपडे आलेत, कुठे पांढरी भुकटी फुलली आहे ते बघा. गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि जांभा ते पाणी स्पंजसारखं पितो. गिलावा शाबूत असेपर्यंत ठीक. तो गेला की दगडातली मऊ माती वाहून जाते आणि दगड मधाच्या पोळ्यासारखा पोकळ होतो. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझुसच्या बॅसिलिकेचा (मोठ्या चर्चचा) गिलावा १९५०च्या दशकात काढून टाकला आणि तेव्हापासून तो उघडा जांभा झिजतो आहे. ती लालसर भिंत फोटोत फार देखणी दिसते. ती तशी बांधलेली नव्हती एवढं मात्र ध्यानात असावं.

दुरुस्तीत सगळ्यात मोठी चूक होते ती सिमेंटची. सिमेंटचा थर पाण्याला बाहेर पडू देत नाही. ओल भिंतीत अडकते, क्षार थराच्या मागे साठतात, आणि एक दिवस सिमेंटची पाटी दगडाची साल घेऊन खाली येते. चुन्याचा गिलावा भिंतीला श्वास घेऊ देतो. प्रमाण साधं आहे: एक भाग भिजवून मुरवलेला चुना, तीन भाग खारटपणा नसलेली चाळलेली वाळू. समुद्राची वाळू घातली तर क्षार आपल्याच हाताने भिंतीत घातले. चुना निदान काही आठवडे तरी पाण्याखाली मुरलेला हवा. नाहीतर न विरलेले खडे नंतर गिलाव्यात फुटतात आणि भिंतीवर देवीचे व्रण दिसू लागतात. एका वेळी बोटभर जाडीपेक्षा जास्त थर चढवू नये. आधीचा थर आवळल्यावर पुढचा. आठवडाभर पाणी मारून ओला ठेवावा, उन्हात एकदम वाळला की तडे जातात. शेवटी चुन्याचा पातळ हात, तीन-चार वेळा. डिस्टेंपर किंवा प्लास्टिक पेंट लावला तर सगळ्या मेहनतीवर पाणी. सिंधुदुर्ग-रत्नागिरीतल्या जांभ्याच्या जुन्या घरांनाही हेच सगळं तंतोतंत लागू आहे.

कॉर्निसवर, म्हणजे भिंतीतून पुढे आलेल्या आडव्या कडेवर, पिंपळ उगवलेला दिसला तर तो उपटायची घाई कधीच करू नये. मुळं सांध्यात शिरलेली असतात, ओढलं की दगड सोबत येतो. बुंधा कापायचा, मूळ जागीच मारायचं, मग भेग चुन्याने भरायची.

आता आत. दारातून शिरल्यावर दोन मिनिटं काहीही न पाहता उभे राहा, डोळे सरावू द्या. मग वर पाहा: अर्धगोल छत. कोनाड्यांच्या माथ्यावर शिंपल्याच्या पाकळ्यांसारख्या रेघा शोधा. गोव्याच्या चर्चमध्ये हा शिंपला वारंवार भेटतो. छतावर डाग असतील तर दोष छताचा नसतो, त्याच्या वरच्या कौलांचा असतो. मंगळुरी कौलं एकोणिसाव्या शतकात आली, त्याआधी नळीची कौलं होती. दोन्हींचा रोग एकच. एक कौल सरकतं, पाणी छताच्या पाठीवर साचतं आणि दोन पावसाळ्यांनी खाली डाग उमटतो. म्हणून गावातले जाणते मे महिन्यातच कौलं चाळून घेतात.

या चर्चची खासियत म्हणून लोक सांगतात ती भिंतींची. भिंती इतक्या जाड आहेत की त्यांच्या पोटातून वाट काढलेली आहे. पापनिवेदनाला जाणारा माणूस कुणाच्या नजरेला न पडता तिथवर पोचावा, ही सोय. ती वाट दाखवाल का, असं नम्रपणे विचारावं. नाही म्हटलं तर आग्रह करू नये.

मग मुख्य वेदी, म्हणजे गोव्याच्या बोलीत आल्तार. मागची उंच सोनेरी लाकडी चौकट खालून वर वाचायची. तळाशी पायथ्याची पट्टी. मध्यभागी लहान दाराची पेटी, तिच्यात पवित्र भाकर असते. जवळ लाल दिवा जळत असेल तर ती आत आहे, आणि तिथे कॅथलिक माणूस गुडघा टेकतो. आपण निदान आवाज खाली आणावा आणि वेदीच्या पायऱ्या चढू नयेत. पेटीच्या वर ज्याच्या नावाचं चर्च त्याची जागा, बाजूच्या कोनाड्यांत इतर संत, सगळ्यात वर शेंडा. खांब पिळदार असतील तर त्यांची मूळ कल्पना रोमच्या संत पीटरच्या चर्चमध्ये शिल्पकार बेर्निनीने १६२४ ते १६३३ या काळात वेदीवर उभारलेल्या छत्रीने जगभर लोकप्रिय केली. इथल्या सुतारांनी तो पीळ घेतला आणि त्यावर आपली पानंफुलं चढवली. दुर्बिणीने देवदूतांचे चेहरेही बघा: गोल गाल, लांबट डोळे. देवळाच्या रथावर कोरीव काम करणारा हात ओळखू येतो.

सोनं खरं की रंग, हे हात न लावता कळतं. खऱ्या वर्खाचं काम असं: लाकडावर खडू आणि सरसाचे अनेक पातळ थर, त्यावर तांबडी चिकणमाती, तिच्यावर वर्ख, मग घोटून चकाकी. त्यामुळे झिजलेल्या कडांना तांबडा रंग डोकावतो आणि वर्खाचे चौकोन जिथे एकमेकांवर चढतात तिथे अंधुक रेघा दिसतात. सोनेरी ऑइलपेंट मात्र खोलगट भागातही एकसारखा, दाणेदार, मेल्यासारखा दिसतो. त्यात तांबं-जस्ताची भुकटी असते, ती काही वर्षांत काळपट-हिरवट पडते. फेस्ताआधी, म्हणजे चर्चच्या वार्षिक सणाआधी, उत्साहाने मारलेला असा एक हात खालचा वर्ख कायमचा झाकून टाकतो, आणि तो उतरवायचं काम लावण्याच्या कितीतरी पट महाग असतं. ओल्या फडक्याने पुसणंही तितकंच वाईट, सरस पाण्यात विरघळतो. मऊ कोरडा ब्रश, तोही जिथे थर सुटलेला नाही तिथेच. चौकटीच्या पायथ्याशी बारीक भुकटीची ढिगुळी दिसली तर लाकडात कीड आहे. मातीच्या नळ्या दिसल्या तर वाळवी, आणि तिची वाट बहुतेक वेळा भिंतीतून येते.

पुल्पित, म्हणजे प्रवचनाचा लाकडी सज्जा, पाहताना त्याचा खालचा भाग विसरू नका. गोव्यात काही जुन्या पुल्पितांना खालून नागिणीच्या शेपटीच्या बायकांनी तोलून धरलेलं असतं. खिडक्यांत काचेऐवजी शिंपल्याचे पातळ तुकडे कुठे उरलेत का तेही शोधा. ते लाकडी पट्ट्यांच्या खाचेत सरकवलेले असतात. दुधाळ उजेड येतो, ऊन येत नाही.

फेस्त जुलैत. संत अॅनची तिथी २६ जुलै, पण इथला मोठा दिवस त्या सुमाराच्या रविवारी असतो, म्हणून तारीख आधी विचारून घ्यावी. याला तवशांचं फेस्त म्हणतात. मालवणीत काकडीला तवसं म्हणतात तेच हे. मूल हवं असलेली जोडपी सांतानाला तवसं वाहतात, बायको हवी असलेला चमचा, नवरा हवा असलेली उडीद. या तीन वस्तूंचा मेळ पोर्तुगीज यमकात आहे: पेपीनु म्हणजे काकडी आणि मेनीनु म्हणजे मुलगा, कुल्येर म्हणजे चमचा आणि मुल्येर म्हणजे बायको. तिसऱ्या जोडीत मारीदु म्हणजे नवरा पोर्तुगीजच, पण त्याच्याशी जुळवायला घेतलेला उडीद आपला. भाषा कमी पडली तिथे धान्याच्या डब्यात हात घातला.

त्या दिवशी वास्तू पाहायला मिळणार नाही, गर्दीच पाहायला मिळेल. दोन्ही हवं असेल तर दोन फेऱ्या करा. जुलैत छत्री आणि चिखलात चालतील अशा चपला, तवसं बाहेरच्या जत्रेतच मिळतं. वास्तूसाठी नोव्हेंबरनंतर या, तेव्हा भिंती वाळलेल्या असतात आणि पावसाने यंदा कुठे खाल्लं ते स्पष्ट दिसतं.