आगोटीच्या सामानात बोर्डांचा एक डबा

मे महिना अर्धा सरला की आमच्याकडे आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीच्या बेगमीची, घाई सुरू होते. सुकी मासळी, कोकमं, चुलीची लाकडं, पडवीला बांधायची झापं, हे सगळं मृगाच्या आत घरात यायला हवं. गेली काही वर्षं या बेगमीत मी एक डबा वाढवला आहे, मायक्रोकंट्रोलर बोर्डांचा, म्हणजे सेन्सर वाचून पंपासारखी उपकरणं चालवणाऱ्या, प्रोग्रॅम चढवता येणाऱ्या छोट्या सर्किटांचा. आगरातल्या विहिरीचा पंप, घरावरची टाकी, कलमांच्या आळ्यातली ओल अशी कामं ज्यांना हौसेने स्वतः करायची आहेत, त्यांनी खरेदी आत्ताच उरकावी. जूनमध्ये घाटात दरड आली की पार्सल पलीकडे अडकतं, आणि टॉवर बंद असला की ईएसपी३२ या वायफाय बोर्डाचं शेकडो एमबींचं सॉफ्टवेअर पॅकेज कुठून उतरवणार? म्हणून आर्डुइनो आयडीई (प्रोग्रॅम लिहून बोर्डावर चढवायचं सॉफ्टवेअर), बोर्डांची पॅकेजेस, लागणाऱ्या लायब्ररी (तयार कोड) आणि सीएच३४० या स्वस्त बोर्डांवरच्या यूएसबी चिपचा ड्रायव्हर लॅपटॉपवर आधीच घेऊन ठेवा. प्रत्येक बोर्डाचा पिनांचा नकाशा छापून डब्याच्या झाकणाला आतून चिकटवा.

ऑर्डर देण्यापूर्वी एका कागदावर कामाच्या चार ओळी लिहा: काय मोजायचं, काय चालू-बंद करायचं, वीज कुठून घ्यायची, निरोप कुठवर पोचवायचा. कोकणात पाचवी ओळ जोडावीच लागते: लाइट जाऊन परत आली की बोर्डाने पहिल्या दोन मिनिटांत काय करायचं. चिपचा वेग आणि मेमरी यांची तुलना करण्यात आपण संध्याकाळच्या संध्याकाळ घालवतो, पण मला विचाराल तर बोर्ड ठरतो तो या पाचव्या ओळीवर.

हे मी नुकसान सोसून शिकलो. माझ्या पहिल्या टाकीला नोडएमसीयू हा ईएसपी८२६६ चिपचा वायफाय बोर्ड होता आणि रिले (बोर्डाच्या इशाऱ्यावर चालू-बंद होणारा स्विच) डी४ या पिनेला जोडला होता. ईएसपी८२६६ सुरू होताना त्या पिनेवर, म्हणजे जीपीआयओ२ वर, क्षणभर सिग्नल वरखाली होतो. बोर्डावरचा निळा दिवा लुकलुकतो तो त्यामुळेच. एरवी हे ध्यानातही येत नाही. पण आषाढातल्या एका रात्री लाइट सात-आठ वेळा आली-गेली, दर वेळी रिले चटचटला आणि त्याच्यामागे पंपाचा कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटरचा मोठा स्विच, धडधडला. सकाळी बघतो तर कॉन्टॅक्टरचे पॉइंट काळे पडलेले. तेव्हापासून नोडएमसीयूवर रिलेसाठी डी१ आणि डी२ एवढ्याच पिना वापरतो. डी३, डी४ आणि डी८ या पिनांची सुरुवातीची स्थिती पाहून चिप कसं सुरू व्हायचं ते ठरवते, त्यामुळे तिथे भलतं काही जोडलं असेल तर बोर्ड सुरूच होत नाही. ईएसपी३२ वर जीपीआयओ१२ या पिनेला तसंच जपावं लागतं, आणि ३४ ते ३९ या पिना फक्त इनपुटच्या असल्याने त्यांवर रिले चालतच नाही. प्रोग्रॅममध्ये एक अट सर्वांत वर घाला: लाइट आल्यावर दोन मिनिटं पंपाला हात लावायचा नाही.

वेळ पाहून पाणी सोडायचं असेल तर डीएस३२३१ घड्याळाचं मॉड्यूल यादीत लिहा. इंटरनेटवरून वेळ घेणारा बोर्ड नेट नसलं की आंधळा होतो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूला धडकलं, त्यानंतर दापोली-मंडणगडाकडच्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. अशा दिवसांनंतरही हे घड्याळ बटणाएवढ्या सेलवर वेळ सांभाळून असतं. मात्र बाजारातल्या बऱ्याच स्वस्त मॉड्यूलवर सेल चार्ज करणारं सर्किट असतं आणि साधा सीआर२०३२ चार्ज होण्याचा सेल नव्हे. त्या सर्किटमधला रेझिस्टर काढूनच सेल घाला.

आता प्रत्यक्ष बोर्ड. आर्डुइनो २००५ मध्ये इटलीतल्या इव्रेया गावात विद्यार्थ्यांसाठी तयार झाला. त्याचा आराखडा खुला असल्यामुळे आज नॅनो या त्याच्या छोट्या प्रकाराचे क्लोन (नकला) दोन-तीनशे रुपयांच्या घरात मिळतात. चिप एटीमेगा३२८पी, वेग १६ मेगाहर्ट्झ, फ्लॅश ३२ केबी, रॅम फक्त २ केबी. आकडे तोकडे वाटतात, पण फ्लोट स्विच (पाण्याच्या पातळीबरोबर वरखाली होणारा) वाचून रिले ओढायला ते पुरून उरतात. नॅनो ५ व्होल्टचा असल्याने बहुतेक स्वस्त सेन्सर सरळ जोडता येतात. वायफाय नाही, त्यामुळे राउटर बंद पडला तरी टाकी भरायची थांबत नाही. पंपाच्या कामाला माझी पहिली पसंती आजही नॅनोला आहे. उनो या मोठ्या आर्डुइनोमध्ये चिप तीच असते, वर शील्ड (वरून खोचायचा जोड-बोर्ड) बसवायचं असेल तरच तो घ्या.

मुंबईत बसून गावच्या टाकीची पातळी फोनवर बघायची असेल तर ईएसपी३२ घ्या. दोन कोअर, २४० मेगाहर्ट्झपर्यंत वेग, ५२० केबी एसरॅम, वायफाय आणि ब्लूटूथ. ईएसपी८२६६ थोडा स्वस्त पडतो, पण त्याला अ‍ॅनालॉग इनपुट एकच आहे, आणि तेवढ्या बचतीसाठी मी आता तो घेत नाही. ईएसपी३२ वर वायफाय चालू असताना एडीसी२ च्या, म्हणजे व्होल्टेज मोजणाऱ्या दुसऱ्या गटातल्या, पिना वाचता येत नाहीत, तेव्हा ओलीचा सेन्सर ३२ ते ३९ यांपैकी एखाद्या पिनेवरच घ्या. हे दोन्ही बोर्ड २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात. जांभ्याच्या चिऱ्याची जाड भिंत पावसाने भिजली की सिग्नल आणखी पडतो, म्हणून बोर्ड बसवायच्या जागी फोन घेऊन उभे राहा आणि राउटरचा २.४ चा सिग्नल तिथे येतो का ते पाहा. मे महिन्यात जेमतेम एक दांडी दिसली तर जुलैत तीही दिसायची नाही.

सुट्टीत गावी आलेल्या मुलांना शिकवायचं असेल तर रास्पबेरी पाय पिको द्या. जानेवारी २०२१ मध्ये तो ४ डॉलरला बाजारात आला. आरपी२०४० चिप, दोन कोअर, २६४ केबी रॅम. बूटसेलचं बटण दाबून केबल लावली की तो लॅपटॉपवर पेन ड्राइव्हसारखा उघडतो, मायक्रोपायथनची (छोट्या बोर्डांसाठीची पायथन भाषा) फाइल त्यात टाकली की मुलं दहा मिनिटांत दिवा लुकलुकवतात. त्याला १.८ ते ५.५ व्होल्टपर्यंतचा कोणताही पुरवठा चालतो, त्यामुळे लाइट नसली तरी तीन साध्या पेन्सिल सेलवर शिकणं चालू राहतं. वायफाय हवं असेल तर पिको डब्ल्यू मागवा. ब्लू पिल नावाचा एसटीएम३२ चा बोर्डही स्वस्त असतो, पण त्यावर भलत्याच चिपा बसवलेल्या आढळतात आणि एसटी-लिंक हे प्रोग्रॅम चढवायचं उपकरणही वेगळं घ्यावं लागतं. पहिल्या बोर्डासाठी तो नको.

पिको आणि दोन्ही ईएसपी ३.३ व्होल्टचे आहेत, हे यादीत लाल शाईने लिहा. पाण्याची पातळी मोजणाऱ्या एचसी-एसआर०४ या सेन्सरचा इको, म्हणजे बोर्डाकडे येणारा सिग्नल, ५ व्होल्टचा येतो. मध्ये १ किलोओहम आणि २ किलोओहमचे रेझिस्टर लावून तो खाली आणायला हवा, नाहीतर पिन जाते. टाकीच्या आत कायम वाफ असते, तिथे उघडा सेन्सर टिकत नाही. जेएसएन-एसआर०४टी हा जलरोधक प्रकार घ्या. मातीसाठी दोन उघड्या दांड्यांचा सेन्सर घेऊ नका, विजेच्या प्रवाहाने त्या दांड्या ओल्या मातीत झिजून जातात. कपॅसिटिव्ह सेन्सर (धातू उघडा नसलेली पट्टी) घ्या आणि त्याच्या पट्टीच्या कापलेल्या कडा व वरचे सुटे भाग इपॉक्सीने बंद करा.

घरापासून लांबच्या बागेत बॅटरीवर काही ठेवायचं असेल तर तयार डेव्हलपमेंट बोर्ड तिथे नेऊ नका. ईएसपी३२ ची चिप गाढ झोपेत सुमारे १० मायक्रोअँपिअर घेते, पण बोर्डावरचा रेग्युलेटर आणि दिवा काही मिलिअँपिअर खातच राहतात आणि बॅटरी काही दिवसांत बसते. राउटर पोचत नाही तिथे लोरा (लांब पल्ल्याचा, कमी विजेवर चालणारा रेडिओ) लागतो. आपल्या देशात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ हा पट्टा परवान्याशिवाय वापरता येतो, तेव्हा ४३३ चं मॉड्यूल स्वस्त दिसलं तरी ८६८ चंच मागवा, ते ८६५ वर लावता येतं.

पार्सल आलं की त्याच दिवशी उघडा. डेटा जाणारी केबल हाताशी ठेवा, कारण फोनच्या कित्येक जुन्या केबली फक्त चार्जिंगच्या असतात आणि मग बोर्ड मेला असं वाटून माणूस घाबरतो. ब्लिंक हा दिवा लुकलुकवणारा नमुना प्रोग्रॅम चढवून बघा. नॅनोचा क्लोन प्रोग्रॅम घेत नसेल तर आयडीईत जुना बूटलोडर (प्रोग्रॅम चढवून घेणारा बोर्डावरचा छोटा कोड) निवडा. प्रत्येक बोर्ड दोन दोन घ्या आणि दुसऱ्यावर तोच प्रोग्रॅम चढवून पिशवीत बंद करून ठेवा. श्रावणात गणपतीची तयारी चालू असताना बिघडलेला बोर्ड शोधायला कुणाला वेळ नसतो.

पुरवठ्यासाठी चांगल्या प्रतीचा ५ व्होल्टचा, निदान १ अँपिअरचा चार्जर घ्या. वायफाय निरोप पाठवताना क्षणभर जास्त विद्युतप्रवाह ओढतं आणि चार्जर कमी पडला की ईएसपी३२ पुन्हा पुन्हा रीसेट होतो. ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर शेजारी लावला की हा त्रास बराच कमी होतो. मोटर रिलेवर थेट टाकू नका. रिलेने कॉन्टॅक्टर ओढायचा, कॉन्टॅक्टरने मोटर, आणि २३० व्होल्टची सगळी जोडणी परवानाधारक वायरमनकडून करून घ्यायची. वळवाच्या दिवसांत विहिरीकडे गेलेली लांब केबल विजेचा कडकडाट सुरू होताच बोर्डापासून सोडवता येईल असा प्लग ठेवा.

राहिली खारी हवा. समुद्रापासून दोन किलोमीटरवरही स्क्रूच्या खाली हिरवा गंज धरतो. तयार बोर्डावर कन्फॉर्मल कोटिंगचा (ओल अडवणारा पातळ थर) फवारा मारा, पण यूएसबीचं तोंड, पिना आणि ईएसपीच्या अँटेनाची पट्टी आधी टेपने झाका. डबा आयपी६५ चा, म्हणजे धूळ आणि पाण्याचे फवारे अडवणारा, असावा, केबली तळातून आत जाव्यात, आणि आत शिरण्यापूर्वी त्यांना खाली एक झोळ द्यावा म्हणजे पाणी तिथूनच टपकतं. उरलेली प्रत्येक फट बंद करा. मुंग्या आणि पाली ऊब शोधत आत जातात, माझा एक रिले पालीमुळेच गेला.

बोर्ड आत बसवण्याआधी रिकाम्या डब्यात एक कोरा कागद घाला, झाकण आवळा आणि पहिल्या मोठ्या सरीच्या रात्री डबा पागोळीखाली ठेवून द्या. सकाळी कागद खडखडीत कोरडा निघाला तर बोर्ड चढवा. कोपरा जरी ओला असला तरी गॅस्केट (झाकणाचं रबर) बदला आणि पुढच्या सरीला पुन्हा ठेवा.