सायन्सच्या मुलांना शोधनिबंध वाचायला आणि लिहायला कसे शिकवावे

पुण्यातल्या कुठल्याही कॉलेजात बीएस्सीच्या मुलांसमोर शोधनिबंध ठेवा, मुलं दचकतात. खरं तर शाळेपासून ती हाच सांगाडा लिहीत आलेली असतात: उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. निबंधात त्याचंच प्रस्तावना, पद्धती, रिझल्ट्स आणि चर्चा होतं. फरक एवढाच की प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये उत्तर आधीच ठरलेलं असतं, म्हणून तर मुलं रीडिंग ‘जुळवून’ आणतात. निबंधात लिहिणाऱ्यालाही ते आधी ठाऊक नसतं. ही जर्नलची सवय मोडणं हेच आपलं खरं काम.

सुरुवात कात्रीने करा. १९३२ पासून बंगळूरूहून निघणाऱ्या ‘करंट सायन्स’चे अंक नेटवर फुकट वाचता येतात. मुलांच्या विषयातला चार-पाच पानी निबंध निवडा, झेरॉक्स काढा, मथळे कापून टाका आणि परिच्छेद सुटे करून चौघाचौघांच्या गटाला जुळवायला द्या. (वॉटसन आणि क्रिक यांचा डीएनएवरचा १९५३ चा लेख जेमतेम पानभराचा, म्हणून मोह होतो. पण त्यात हे मथळेच नाहीत.) प्रस्तावनेचा शेवट कुठला आणि चर्चेची सुरुवात कुठली, यावर भांडण जुंपेल. जुंपू द्या. उत्तर सांगू नका, फक्त विचारा: ‘कुठल्या वाक्यावरून म्हणतोस?’ ‘याबद्दल अजून माहिती नाही’ अशा अर्थाचं वाक्य सापडलं की प्रस्तावना हाती लागली.

मग आकृत्या. मजकूर झाकून फक्त आलेख दाखवा आणि तो काय सांगतो ते एका ओळीत, मराठीतच, लिहायला सांगा. नंतर लेखकाचा दावा वाचा. दोन्ही जुळले नाहीत, तर तो तास सार्थकी लागला समजा.

लिहायला घेताना मात्र क्रम उलटा. आधी पद्धती, कारण काम नुकतंच हातून झालेलं असतं. समजा, गटाने मुठेच्या पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन मोजला. पहिल्या खर्ड्यात हमखास येतं: ‘नदीच्या पाण्याचे नमुने घेतले.’ कुठे? खडकवासल्याच्या खाली की संगम पुलाजवळ? किती वाजता? उन्हात शेवाळं ऑक्सिजन सोडतं, त्यामुळे सकाळचं आणि दुपारचं रीडिंग एक येत नाही. पाणी किती गरम होतं? समुद्रसपाटीला २० अंशांच्या स्वच्छ पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना साधारण साडेसात. बाटलीत बुडबुडा राहिला होता का, ऑक्सिजन बांधून ठेवणारी रसायनं (मँगनीज सल्फेट आणि अल्कलाइन आयोडाइड) नदीकाठीच घातली की लॅबमध्ये आल्यावर? हा मजकूर दुसऱ्या गटाला देऊन तेवढ्यावरच प्रयोग करायला लावा. ते जे जे विचारायला येतील ते लिहायचं राहिलंय.

त्यानंतर रिझल्ट्स आणि चर्चा. इथे कुंपण पक्कं हवं. ‘संगमाजवळ ऑक्सिजन कमी भरला’ हा रिझल्ट. ‘सांडपाण्यामुळे कमी झाला’ ही चर्चा, आणि तीही तापमान, वेळ, प्रवाह यांचा विचार केल्यावर. मुलं पहिल्याच वाक्यात ‘प्रदूषणामुळे’ घुसडतात. लाल पेन तिथे चालवा, व्याकरणावर नको. जे रीडिंग बसत नाही ते खोडू न देता चर्चेत घ्यायला लावा.

प्रस्तावना त्यानंतर, सारांश आणि शीर्षक सगळ्यांत शेवटी. सारांशात प्रश्न, पद्धत, मुख्य आकडा आणि अर्थ एवढं आलं की पुरे.

संदर्भयादीची पद्धत प्रत्येक नियतकालिकाची वेगळी असते, ती पाठ करून घेऊ नका. यादीतल्या दोन-तीन नावांवर बोट ठेवा आणि ‘हा उघडून दाखव’ म्हणा. हल्ली एआयकडून आलेल्या यादीत अस्तित्वातच नसलेले निबंध सर्रास सापडतात.