औषधी गांजाच्या व्यवसायाला साधनेची जोड देताना

औषधी गांजाची लागवड आणि विक्री हीच आपली साधना मानून या व्यवसायात उतरणाऱ्याने श्रद्धेची जागा आधीच ठरवून घ्यावी. ती कामाच्या शिस्तीत असावी, औषधाच्या दाव्यात कधीही नसावी. मंत्रोच्चारामुळे तेल अधिक गुणकारी झाले, असे रुग्णाला सांगणे म्हणजे त्याच्या अगतिकतेचा फायदा घेणे होय, आणि ते मला अक्षम्य वाटते.

परवाना हाती येईपर्यंत बी पेरू नये. संयुक्त राष्ट्रांच्या १९६१ च्या अमली पदार्थविषयक कराराच्या चौथ्या अनुसूचीतून, म्हणजे सर्वांत कडक नियंत्रणाच्या यादीतून, गांजा डिसेंबर २०२० मध्ये वगळण्यात आला असला, तरी पहिल्या अनुसूचीतील नियंत्रण कायम आहे. त्यामुळे धार्मिक हेतू सांगून परवान्यातून सूट मिळेल, असे गृहीत धरू नये.

प्रार्थना लागवडीच्या खोलीबाहेर, आत जाण्यापूर्वी करावी. बहुतेक वाणांना फुलोऱ्यासाठी सुमारे १२ तासांचा अखंड अंधार लागतो, म्हणून तेथे रात्री दिवा लावू नये. धूपही जाळू नये, कारण त्याच्या धुराचे कण चिकट फुलांवर बसतात. आत गेल्यावर मात्र शांत चित्ताने निरीक्षण करणे हीच खरी उपासना ठरते. नर झाड वेळीच ओळखून काढले नाही, तर परागीभवन होऊन फुलांत बी धरते आणि राळ, म्हणजे औषधी घटक असलेला चिकट स्राव, घटते. फुलोरा भरत आला की भिंगातून राळेच्या ग्रंथी रोज पाहाव्यात: आधी त्या काचेसारख्या पारदर्शक असतात, मग दुधाळ होतात आणि पुढे पिवळसर तांबूस दिसू लागतात. मुहूर्त पाहायचाच असेल, तर तो पेरणीसाठी पाहावा. कापणी या ग्रंथींचा रंग पाहूनच करावी.

फुले अंधाऱ्या, हवेशीर जागी, साधारण १५ ते २० अंश सेल्सिअस तापमानात सावकाश वाळवावीत. घाई केल्यास किंवा ओल राहिल्यास बुरशी धरते, आणि प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्या रुग्णाच्या फुप्फुसांत ॲस्परजिलस बुरशीचे बीजाणू गेल्यास ते जीवघेणे ठरू शकते. हे झाड जमिनीतील शिसे आणि कॅडमियमही शोषून घेते, म्हणून लागवडीपूर्वी मातीची आणि विक्रीपूर्वी प्रत्येक खेपेची प्रयोगशाळेत तपासणी करून घ्यावी.

लेबलवर टीएचसी (गांजातील नशा आणणारा घटक) व सीबीडी (नशा न आणणारा घटक) यांचे प्रमाण मिलिग्रॅममध्ये, खेप क्रमांक आणि इशारे असावेत. आशीर्वचन द्यायचेच असेल, तर ते वेगळ्या कागदावर द्यावे. अमेरिकेत २०१८ मध्ये शुद्ध सीबीडीच्या औषधाला अपस्माराच्या दोन दुर्मीळ प्रकारांसाठी मान्यता मिळाली, ती रुग्णांवरील नियंत्रित चाचण्यांनंतर. तिचा आधार घेऊन आपल्या तेलाची जाहिरात करू नये. सीबीडीमुळे वॉरफरिनसारख्या रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा परिणाम वाढू शकतो, म्हणून ग्राहक कोणती औषधे घेतो हे विक्रीपूर्वी विचारावे, आणि चालू औषधे बंद करण्याच्या विचारात असलेल्या ग्राहकाला बाटली न देता आधी त्याच्या डॉक्टरांकडे पाठवावे.